झोळींतली झोंप

मनुष्याच्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा निद्रेंत जातो. परंतु ज्या वस्तूवर तो जातो तिचा विचार आपण लग्नाच्या वेळीं पलंग घेतांना एकदां करतों, तेवढाच. चरकसंहितेंत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्यांपैकीं पहिल्या उपस्तंभाविषयीं घरोघर दिवसांतून दोनदां चर्चा होते. दुसऱ्याविषयीं मात्र "काल डोळ्याला डोळा लागला नाहीं" या तक्रारीपलीकडे कोणी जात नाहीं. म्हणून या महिन्यांत शय्येचा, आणि त्यांतही एका निराळ्या शय्येचा विचार करण्याचें योजिलें आहे. खोलींतील पलंग काढून टाकावा व त्या जागीं हॅमॉक, म्हणजे झुलती झोळी, बांधून तींतच रात्रीं निजावें, असा हट्ट हल्लीं कांहीं घरांतील तरुण मंडळी धरतात. वडील माणसें त्यास थट्टेनें उडवून लावतात. माझ्या मतें हा विषय थट्टेचाही नाहीं आणि हट्टाचाही नाहीं; तो नीट समजून घेण्याचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. हॅमॉक हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो मूळचा इंग्रजी नव्हे. वेस्ट इंडीज बेटांतील ताइनो लोकांचा 'हमाका' हा शब्द स्पॅनिश लोकांनीं उचलला व त्यांच्याकडून तो युरोपांत पसरला. डच लोकांनीं त्याचें 'हांगमात' असें रूप केलें, आणि त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ 'लोंबती चटई' असा आपोआप जुळून आला. परक्या शब्दास आपल्या ओळखीचा पोशाख चढविण्याची खोड सर्वच भाषांना आहे. कोलंबसाच्या रोजनिशींत १७ ऑक्टोबर १४९२ या दिवशीं, त्या बेटांतील लोकांचे बिछाने कापसाच्या जाळ्यांसारखे असतात अशी नोंद आहे. पुढें १५०० सालीं पोर्तुगीज तांडा ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला, तेव्हां त्यांतील पेरो वाझ द कामिन्या या लेखकानें आपल्या राजास जें पत्र धाडलें, त्यांत तेथील घरांचें वर्णन आहे. घरांत पुष्कळ खांब असत. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाळी बांधलेली असे. तींत लोक निजत, आणि ऊब यावी म्हणून खालीं विस्तव पेटवीत.

हें वर्णन बारकाईनें वाचलें असतां या शय्येचे गुण आणि दोष दोन्ही हातीं लागतात. जेथें जमीन ओली, सर्प व किडामुंगी यांचा सुळसुळाट आणि हवा उष्ण, तेथें अधांतरीं निजणें हाच शहाणपणा होय. पण पाठीखालून वारा खेळतो म्हणून उन्हाळ्यांत जो आराम वाटतो, तोच वारा थंडींत अंगांतील ऊब हिरावून नेतो. म्हणून तो खालचा विस्तव. पुणें-नाशिकाकडील पौषांतल्या थंडींत ज्यांना असें निजावयाचें असेल त्यांनीं दुलई वर कितीही घेतली तरी भागत नाहीं. घोंगडी अंगाखालीं घातली पाहिजे.

मेक्सिको देशाच्या युकातान प्रांतांत तर आजही पुष्कळ घरांच्या भिंतींत समोरासमोर कड्या बसविलेल्या असतात. रात्रीं झोळ्या लावावयाच्या आणि सकाळीं काढून एका कडीस गुंडाळून ठेवावयाच्या. दिवसा तीच खोली बसाउठावयास मोकळी. तिशकोकोब नांवाचें गांव या झोळ्यांच्या विणकामाकरितां प्रसिद्ध आहे. दोन उभ्या खांबांच्या चौकटीवर घरोघर हें विणकाम चालतें. ब्राझीलच्या ईशान्य भागांत या शय्येस 'हेदे' म्हणजे जाळें असें म्हणतात. लुईस द कामारा कास्कुदो या तेथील लोकविद्येच्या पंडितानें १९५९ सालीं या एकाच वस्तूवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. ॲमेझॉन नदींतील बोटींवर उतारू आपापली झोळी बरोबर आणतात आणि डेकवर ओळीनें टांगून कित्येक दिवसांचा प्रवास तींतच निजून करतात. त्या दुष्काळी मुलुखांत गरिबाचें प्रेत देखील झोळींत घालून, आडव्या दांडीस बांधून स्मशानांत नेत. पोर्तिनारी या चित्रकारानें १९४४ सालीं काढलेलें अशा अंत्ययात्रेचें चित्र विख्यात आहे. हें वाचून आपणांस नवल वाटावयास नको. सह्याद्रींतील व सातपुड्यांतील ज्या पाड्यांपर्यंत अजून सडक पोंचलेली नाहीं, तेथून आजारी माणसास किंवा अडलेल्या बाईस बांबूस बांधलेल्या झोळींतूनच खालीं दवाखान्यांत आणावें लागतें. झोळी ही चैनीची वस्तु कीं गरजेची, हें ती कोण बांधतो यावर अवलंबून आहे.

इंग्लंडच्या आरमारानें १५९७ सालीं ही शय्या गलबतांवर मान्य केली. जहाज डोललें तरी झोळी आपल्या वजनानें सरळ राहते, आणि खलाशी खालीं आदळत नाहीं, हा तिचा गुण. तेथें एका खलाशाच्या वाट्यास रुंदी येई ती चौदा इंच. म्हणजे आपल्या एका हातापेक्षांही कमी. पहाऱ्यावरील अर्धे लोक जागे असत म्हणून निजणाऱ्यास थोडी ऐसपैस जागा मिळे, एवढेंच. सकाळीं झोळ्या घट्ट वळून जहाजाच्या कठड्यावर रचून ठेवीत, आणि लढाईंत त्यांचाच गोळ्यांपासून आडोसा होई.

आतां आपल्या घराकडे वळूं. झुलणें आपणांस परकें नाहीं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील वरुणसूक्तांत सूर्यास आकाशांतील सोन्याचा 'प्रेंख', म्हणजे झोंपाळा, म्हटलें आहे. आणि महाव्रत नामक यज्ञविधींत होत्यानें झोंपाळ्यावर बसून शस्त्रपठन करावयाचें असतें. 'दोला' व 'आंदोलन' हे शब्दही संस्कृतांतूनच आपल्यापर्यंत चालत आले. आंदोलन म्हणजे मूळ झुलणेंच, घोषणा देणें नव्हे! परंतु एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आपण झोंपाळ्यावर बसतों, पान खातों, फार तर वामकुक्षीपुरते आडवे होतों. रात्र काढीत नाहीं. रात्रीची शय्या म्हणजे भूमि किंवा खाट. त्यांतही खाटेची प्रतिष्ठा आपल्या पूर्वजांनीं बेतानेंच ठेवली होती. पाणिनीनें 'खट्वारूढ' या समासाचा अर्थ निंदेचा सांगितला आहे. म्हणजे खाटेवर चढलेला तो उनाड, शिस्त सोडलेला. कारण असें कीं विद्या पुरी करून समावर्तन होईपर्यंत ब्रह्मचाऱ्यानें जमिनीवर निजावयाचें असे. तेव्हां "पलंग हीच आपली परंपरा" असें जे वडीलधारे म्हणतात, त्यांनीं अंमळ सबुरीनें बोलावें. आपल्या आजोबांच्या वाड्यांतून सकाळीं अंथरुणांच्या वळकट्या होऊन कोपऱ्यांत जात आणि तीच माजघराची जागा न्याहारीस, मुलांच्या अभ्यासास व दुपारच्या निवडण्या-टिपण्यास मोकळी होई. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दोन पलंग मांडून बसलेल्या कुटुंबानें हा हिशेब अवश्य करून पाहावा. पलंग आठ तास कामास येतो आणि चोवीस तास जागा अडवितो. झोळी कडीवरून काढली कीं खोली परत मिळते. ती घरीं धुतां येते, आणि ढेकणांना दडण्यास लाकडाच्या खांचा तींत नसतात. इतका तिचा पक्ष खरा आहे.

झुलण्यानें झोंप लागते हा आयाबायांचा अनुभव शास्त्रानेंही तपासला आहे. स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा येथील संशोधकांनीं २०११ सालीं मोठ्या माणसांस दुपारीं पाऊण तास, एकदां स्थिर व एकदां हलत्या शय्येवर निजवून त्यांच्या मेंदूंतील लहरी मोजल्या. हलत्या शय्येवर झोंप लवकर लागली व ती अधिक गाढ झाली. २०१९ सालीं अठरा तरुण स्त्री-पुरुषांवर रात्रभर हाच प्रयोग झाला. झोंप लवकर लागली, गाढ निद्रेचा काळ वाढला, मधलें जागें होणें कमी झालें, आणि आदल्या रात्रीं पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळीं अधिक आठवल्या. त्याच वर्षीं उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, कानाच्या आंतील तोल राखणारें इंद्रिय ज्यांच्यांत काम करीत नव्हतें, त्यांच्यावर झुलविण्याचा कांहींच परिणाम झाला नाहीं. म्हणजे हालचाल पाठीस नव्हे, तर कानास कळते आणि कान ती मेंदूस कळवितो.

परंतु हे प्रयोग वाचून दुकानाकडे धांव घेण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. प्रयोगांतील शय्या सपाट पलंगच होता. तो यंत्रानें रात्रभर हलविला जात होता. तेव्हां जें श्रेय आहे तें झुलण्याचें आहे, झोळीच्या वांकाचें नव्हे. शिवाय त्या शय्येचा एक झोका चार सेकंदांचा होता. लंबकाचा नियम शाळेंत शिकलेल्यांना आठवत असेल: चार सेकंदांच्या झोक्यास सुमारें चार मीटर लांबीचा लंबक लागतो. आपल्या खोलींतील झोळी दीड मीटर लोंबत असेल तर तिचा झोका अडीच सेकंदांत पुरा होईल, आणि पायानें रेटा देणारा झोंपीं गेला कीं थोड्याच वेळांत ती उभी राहील. ज्यांना झोंप लागण्याचीच अडचण आहे त्यांस एवढ्यानें उपयोग होईल. रात्रभराचा लाभ मात्र झोळीच्या नांवावर जमा धरूं नये.

आतां बांधणीचा प्रश्न. येथें चूक झाली तर हाडें मोडतात. झोंपाळ्याचें सारें वजन कड्यांतून सरळ खालीं, तुळईवर येतें. झोळीचें तसें नाहीं. ती दोन्ही भिंतींस एकमेकींकडे ओढते. दोऱ्या आडव्या रेषेशीं तीस अंशांचा कोन करीत असतील, तर साठ किलो वजनाचा मनुष्य निजला असतां प्रत्येक दोरीवर साठ किलोंचा ताण येतो, आणि त्यापैकीं सुमारें बावन्न किलो भिंतीस आडवें ओढण्यांत खर्च होतात. झोळी छान ताठ दिसावी म्हणून कोणी ती ओढून बांधली व कोन दहा अंशांवर आणला, तर तोच ताण पावणेदोनशें किलोंच्या घरांत जातो. पांच अंशांवर तर साडेतीनशेंच्या जवळ. सैल बांधलेली झोळी सुरक्षित आणि ताठ बांधलेली धोक्याची, हें प्रथमदर्शनीं उलटें वाटतें, पण गणित असें आहे. म्हणून कडी बसवावी ती काँक्रीटच्या खांबांत किंवा तुळईंत. चार इंची विटांच्या आडभिंतींत कदापि नव्हे. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत २०२० सालीं झोळी बांधलेला विटांचा खांबच अंगावर कोसळून दोघी बहिणींचे प्राण गेले. जुन्या वाड्यांतून मातीच्या भिंती आहेत, त्यांस तर हात लावूं नये. उंची इतकीच ठेवावी कीं कांठावर बसलें असतां पाय जमिनीस टेकतील. आणि खालीं वरवंटा, पाट, विळी असली कोणतीही वस्तु असूं नये.

निजण्याचीही एक रीत आहे. नवखा मनुष्य झोळीच्या लांबींत सरळ निजतो, मग केळ्यासारखा वांकतो आणि सकाळीं कंबर धरून उठतो. ज्या देशांत ही शय्या पिढीजात आहे, तेथील लोक तींत तिरपे निजतात. डोकें एका बाजूस, पाय दुसऱ्या बाजूस. तसें केल्यानें कापड पसरतें आणि पाठ पुष्कळशी सपाट राहते. त्याकरितां झोळी चांगली रुंद पाहिजे. बाजारांतील अरुंद कापडी पट्टा बागेंत तासभर पुस्तक वाचण्याच्या लायकीचा, रात्रीच्या नव्हे. पाठदुखी असलेल्यांना फळीसारखी कठीण शय्या हितकर, हा समजही आतां पूर्वीसारखा निर्विवाद राहिलेला नाहीं. स्पेनमध्यें तीनशें तेरा रुग्णांवर झालेल्या व २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत कठीण गादीपेक्षां मध्यम कठीण गादीनें कंबरदुखीस अधिक उतार पडला. यावरून मऊ व वांकडी शय्या चांगली असें मात्र ठरत नाहीं. ज्यांचे गुडघे धरले आहेत, ज्यांस रात्रीं दोन-तीनदां उठावें लागतें, ज्यांस उठतांना चक्कर येते, आणि ज्या गर्भवती आहेत, त्यांनीं पलंगावरच निजावें. हलत्या कांठावरून अंधारांत उतरणें हें त्यांचें काम नव्हे. दुपारच्या विश्रांतीस मात्र झोळी पुष्कळांस मानवेल. वाग्भटानें दिवसा आडवें होऊन गाढ झोंपण्यापेक्षां बसल्याबसल्या घेतलेली डुलकी निर्दोष मानली आहे, आणि झोळी हें डुलकीचें माहेरच होय.

येथवरचा विचार मोठ्या माणसांचा झाला. पण आपल्या घरांत झोळीचा खरा धनी मोठा मनुष्य नव्हेच. तो आहे तान्हें मूल. धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारी लुगड्याची झोळी तुळईस किंवा खाटेच्या खुरांस बांधावयाची, तींत मूल घालावयाचें, आणि जातायेतां एक झोका द्यावयाचा, ही रीत शतकानुशतकांची आहे. आणि तींतच आज घरोघर मोठा तंटा उभा राहिला आहे.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांतील गोष्ट सांगतों. नातसून बाळंतपणाहून आली, ती डॉक्टरांची सूचना घेऊन आली: मुलास सपाट, टणक बिछान्यावर उताणें निजवावें, झोळींत झोंपवूं नये. आजेसासूबाईंनीं तोंवर लुगडें काढून ठेवलें होतें. त्या म्हणाल्या, "माझीं पांच लेंकरें ह्याच झोळींत वाढलीं. त्यांना काय झालं?" नातसून हळूच म्हणाली, "आजी, मी तुम्हांला वाईट म्हणत नाहीं हो. पण मला रात्रभर झोंप येणार नाहीं." त्यावर घरांत दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. पुरुष मंडळी, रिवाजाप्रमाणें, वर्तमानपत्रांत तोंड घालून बसली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं आजीबाई आपण होऊन नातसुनेजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला सहा झालीं होतीं. चौथी मुलगी सव्वा महिन्याची होती. पहांटे झोळींतून उचललीन, ती गार लागली. दृष्ट लागली म्हणाले सगळे." इतकें बोलून त्यांनीं झोळीची गांठ स्वतःच सोडली. तें मूल कशानें गेलें हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं, आणि त्या माउलीस दोष देण्याचा अधिकार कोणासच नाहीं. पण "आमचीं वाढलीं" ही साक्ष अपुरी असते, एवढें त्यावरून कळावें. जीं वाढलीं नाहींत त्यांची साक्ष कोणी काढीत नाहीं.

डॉक्टरांच्या सूचनेचें कारण साधें आहे. तान्ह्याचें डोकें जड असतें व मान अशक्त. झोळीच्या वांकांत त्याची हनुवटी छातीस टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. कुशीवर वळलें तर तोंड कापडांत रुततें, आणि तें सोडवून घेण्याचें बळ त्यास नसतें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें १९९२ सालीं अर्भकांस पालथें न निजविण्याची शिफारस केली. पुढें झालेल्या लोकशिक्षणानंतर त्या देशांत झोंपेंतील आकस्मिक बालमृत्यूंचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. त्याच संस्थेनें २०२२ सालीं सुधारलेल्या शिफारशींत बिछाना सपाट, टणक व दहा अंशांहून कमी उताराचा असावा, असें स्पष्ट म्हटलें आहे. झोळींत यांपैकीं एकही गोष्ट नसते. रांगत्या-चालत्या मुलांच्या गळ्यास झोळीचा पीळ बसून झालेले अपघातही वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदले गेले आहेत. म्हणून मूल खेळत असतां मोकळी झोळी लोंबती ठेवूं नये.

याचा अर्थ आजीच्या हातचा झोका गेला असा नव्हे. मूल जागें असतां तिनें त्यास मांडीवर झुलवावें, खांद्यावर घेऊन फिरावें, अंगाई म्हणावी; डोळा लागला कीं सपाट बिछान्यावर उताणें ठेवावें. सपाट तळाचा पाळणा व त्यांत टणक गादी असेल तर तोही चालेल, मात्र तो स्थिर ठेवावा, आणि त्यांत उशी, लोड, खेळणीं व सैल पांघरुणें असूं नयेत. त्या घरीं आज असेंच चालतें. लुगड्याचीं दुपटीं झालीं, आणि तीं शिवलीं आजीबाईंनींच.

तात्पर्य, घरांत झोळी येऊं द्यावी कीं नाहीं याचें उत्तर माणसामाणसागणिक निराळें आहे. सशक्त तरुणास ती बांधावयाची असेल तर वडिलांनीं हंसूं नये. कडी कोठें व दोरी कशी, एवढें मात्र स्वतः तपासावें. पलंग लगेच विकूं नये. एक उन्हाळा व एक हिंवाळा झोळींत काढून मग काय तें ठरवावें. म्हाताऱ्यांस त्यांचा पलंग असूं द्यावा. आणि तान्ह्याच्या बाबतींत रूढीचा मान राखण्यापेक्षां त्याचा श्वास राखावा. रूढि तरी ज्यांच्यासाठीं निघाली, तीं हींच लेंकरें होत.